काळ्या रानातला रंगमंडप

दोरी तुटली नाही! आधी एवढं ऐकून घ्या. बाकी जे झालं ते झालं, पण दोरी तुटली नाही, हे मी छाती पुढे काढून सांगतो.

थांबा. दोरीपासून सुरुवात केली तर तुम्हाला काही कळणार नाही. पुन्हा सुरू करतो.

सुरुवात (दुसरी)

त्र्याहत्तर साल. दुष्काळ. आमच्या पाथर्डीकडे विहिरीत सोडलेली बादली रिकामीच वर यायची, आणि वर येताना कठड्यावर खडखड आपटून आपल्यालाच हसायची. अशा वर्षी मी नगरला राहून भरतनाट्यम शिकत होतो. शेतकऱ्याचा पोरगा! मिशी फुटलेला!

माझे वडील, रंगनाथतात्या, यांना गावात कुणी विचारलं, "पोरगं काय शिकतंय?" तर ते म्हणायचे, "हाय कायतरी हातापायाचं." लोकांना वाटायचं मी पैलवानकी करतो.

आणि आता मला बडोद्याला जायचं होतं. नृत्याची पदवी! आमच्या नृत्याच्या बाईंनी नाव सुचवलं होतं. फक्त तात्यांनी हो म्हणायचं बाकी होतं.

तात्या म्हणाले, "गावाम्होरं नाचून दाखव. एक मानूस जरी हसला, तर दुसऱ्या दिशी खडी फोडायला जायाचं. कुनी न्हाई हसलं, तर जा बडोद्याला."

"आणि नाचू कुठं?"

"वढ्याकाठचं काळं रान पडीक हाय. तितं नाच, न्हाईतर लोळ."

मला काय आनंद झाला! कारण आमचं शास्त्र, म्हणजे नाट्याचं जुनं शास्त्र, रंगमंडपाच्या जमिनीबद्दल काय म्हणतं? सपाट हवी, घट्ट हवी, काळी नाहीतर पांढरी हवी. तात्यांचं काळं रान! जणू त्यावर डोळा ठेवूनच नियम केलेला!

(इथं एक गोष्ट सांगायची राहिली. या काळ्या रानात सरकारला दुष्काळी कामातला पाझर तलाव करायचा होता, म्हणजे गावाला रोजगार. तात्या देत नव्हते. ओव्हरसियर साहेब दोन महिने खेटे घालत होते. एकदा तात्यांनी त्यांच्या अंगावर कुत्रं सोडलं होतं. मला हे माहीत होतं. पण शास्त्रात कुत्र्याचा उल्लेख नसल्यामुळे मी लक्ष दिलं नाही.)

दोरी

आता दोरी. शास्त्र म्हणतं, रंगमंडप उभारण्याआधी पुष्य नक्षत्रावर दोरीनं जमीन मोजा. दोरी हातातून सुटली तर नुकसान. दोरी मधोमध तुटली तर मालकाचा मृत्यू!

मालक कोण? तात्या.

हे मी तात्यांना सांगितलं का? नाही. तुम्ही सांगितलं असतंत?

पुष्य नक्षत्र उजाडलं. तात्या पहाटेच जनावरांच्या छावणीवर बैलांना चारा घालायला गेले. मी, सुती दोरी, खुंट्या, पाटीभर चुन्याची फक्की आणि विल्सन असे काळ्या रानात उतरलो. विल्सन नगरचा, आमच्या वर्गात मृदंग वाजवायचा. स्वभावानं इतका सरळ की त्याला खोटं बोलायला लावलं तर उचकी लागायची.

बाईंनी बजावलं होतं, "दोरी हातात असेपर्यंत मांडणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही." चौसष्ट हात लांब, बत्तीस हात रुंद. मी एका टोकाला, विल्सन दुसऱ्या टोकाला. दोरी ताणली की माझ्या डोळ्यांसमोर तात्या यायचे. जरा जास्त ताणली की तात्या आडवे दिसायचे. कपाळावरचा घाम पुसायलाही हात मोकळा नव्हता. विल्सनचा पाय ढेकळात अडखळला, आणि दोरी "टण्ण" वाजली. पण तुटली नाही!

तेवढ्यात बांधावरून छबूआत्या आल्या. शेजारच्या वस्तीवरच्या. मागे दहाबारा बाया. गावाजवळचं खडीचं काम बंद पडल्यापासून सगळ्याजणी रोज सकाळी नवं काम शोधायला निघायच्या आणि उन्हं चढली की परत यायच्या.

"काय रं गोरक्षा, काय मोजतुयास?"

मी बोलू शकत नव्हतो. मग माझ्याकडे होतं काय? हस्तमुद्रा! मी विल्सनकडे पाठ फिरवून, दोरी मनगटाला गुंडाळून, दोन्ही हातांनी मंडप दाखवला. खांब दाखवले. देवता दाखवल्या. अगदी अष्टदिक्पाल दाखवले!

"आगं बया, ह्याच्या तोंडावरनं वारं गेलं का काय?" छबूआत्या विल्सनकडे वळल्या. "तू सांग रं बाबा. काय चाललंय?"

"आखणी," विल्सन म्हणाला.

"रंगनाथतात्यास्नी ठावं हाय का?"

"त्यांनीच जागा दिली."

"दिली? तात्यांनी?"

"हो."

"आन मंजुरी?"

"नगरहून बाई येतायत दुपारच्या गाडीनं. त्या बघतील."

"मंग खांदायचं कवा?"

"आखणी झाली की लगेच पाया खोदायचा. नियमच आहे तसा."

एक वाक्य खोटं नाही! कोर्टात नेलं असतं तर विल्सन निर्दोष सुटला असता. छबूआत्यांनी पदर खोचला, बायांकडे बघितलं, आणि त्या सगळ्याजणी आल्या त्याच्या दुप्पट वेगानं वस्तीकडे निघाल्या. मला वाटलं, मुद्रा पोचल्या! लोकांना कला कळते, आपणच त्यांना कमी लेखतो.

आखणी संपली. पांढऱ्या फक्कीच्या रेघा काळ्या मातीवर अशा उठून दिसत होत्या की मला गहिवरून आलं.

पडदा

मी आणि विल्सन सायकली घेऊन फाट्यावर गेलो. एस.टी. दोन तास उशिरा. बाई उतरल्या. बाई भारदस्त. माझ्या कॅरियरवर बसल्या तेव्हा सायकलचं पुढचं चाक नमस्कार करून वर उठलं. वाटेभर त्या मला शास्त्र विचारत होत्या, मी धापा टाकत उत्तरं देत होतो, आणि ओढ्याच्या दिशेला धूळ उडत होती.

"वावटळ," मी म्हणालो.

(पडदा उघडतो. पडदा नाहीच आहे. धूळ बाजूला होते.)

माझ्या रंगमंडपात दीडदोनशे माणसं! टिकाव, खोरी, घमेली! फक्कीच्या रेघेबरोबर, अगदी काटेकोर, कमरेइतका खड्डा! कानिफनाथ नावाचा एरवी पारावर झोपणारा इसम डोक्याला मुंडासं बांधून मुकादम झालेला.

"बाईसाहेब आल्या! सरका, सरका!"

सायकलच्या कॅरियरवरून आलेल्या सरकारी बाईसाहेबांचं कुणाला काही वाटलं नाही. दुष्काळात सरकारचीही तीच अवस्था असणार, असं लोक धरून चालले असावेत.

बाईंनी खड्ड्यात डोकावून बघितलं.

"गोरक्ष, रंगपीठ कुठे आहे?"

"घमेल्यात, बाई."

"काय?"

"ते... चाललंय तिकडे. त्या लुगडं खोचलेल्या बाईंच्या डोक्यावर."

आता मी खरं सांगायला हवं होतं. इथं काम नाही, मंजुरी नाही, हा नाचाचा मांडव आहे. मी तोंड उघडलं. समोर छबूआत्या घाम पुसत उभ्या होत्या.

"गोरक्षा, आज लई दिसांनी हात दुखत्यात बग," त्या म्हणाल्या. आणि हसल्या.

मी तोंड मिटलं.

"सांग ना!" विल्सन कुजबुजला.

"तू सांग!"

विल्सनला उचकी लागली. खरं बोलायचं असूनही!

आणि मग सगळे टिकाव एकदम थांबले. बांधावर तात्या उभे होते.

तात्यांनी खड्डा बघितला. मातीचे ढीग बघितले. मग मला बघितलं. बाईंनी वर्गात नऊ रस शिकवले होते. त्यातला शृंगार सोडून बाकी सगळे मी तात्यांच्या एका चेहऱ्यावर पाहिले.

ते माझ्याकडे यायला निघाले. हातात बैलाचा कासरा होता. मी मनातल्या मनात कर्जतच्या मामाकडे पळायचा रस्ता आखला. तेवढ्यात छबूआत्या मध्ये आल्या आणि त्यांनी तात्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

"तात्या, तुमी न्हाई न्हाई म्हनत हुता. आमी बी लई नावं ठिवली तुमाला. आज दिलंत! लेकरांच्या तोंडात घास पडंल आता."

मागून सगळ्या बाया वाकल्या. तात्यांना पाय मागे घ्यायला जागा राहिली नाही.

तेवढ्यात फटफट करत राजदूत मोटारसायकल आली. ओव्हरसियर साहेब!

"कुणी सुरू केलं हे? कुणाच्या हुकमानं?"

दीडदोनशे बोटं माझ्याकडे वळली. साहेबांनी रेघ बघितली, कोपरा बघितला, पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"आखणी चांगली आहे. पण जमीन? काय रंगनाथराव? माझ्यावर कुत्रं सोडलं होतंत तुम्ही!"

छबूआत्यांचे हात अजून तात्यांच्या पायावर. खड्ड्यातल्या एकाही माणसानं टिकाव खाली ठेवला नव्हता, वरही उचलला नव्हता.

"कुत्रं बी छावनीत गेलंय," तात्या शेवटी म्हणाले. "घ्या लिवून. दिलं."

नाच

"कार्यक्रम व्हायलाच हवा," बाई म्हणाल्या. "मी कॅरियरवर बसून आले आहे."

दिवस मावळायच्या आत, मातीच्या ढिगावर, मी उभा राहिलो. समोर सगळं गाव, मातीला टेकून बसलेलं. एक जण हसला की खडी! विल्सननं मृदंगावर थाप मारली, मी नमस्कार घातला आणि सुरू झालो. पाय भुसभुशीत मातीत घोट्यापर्यंत जात होते. प्रत्येक आवर्तनाला मी थोडा बुटका होत होतो. कान मात्र प्रेक्षकांत. कुणी हसेना! मी हरिण झालो, मोर झालो, नदी झालो. दुष्काळात नदी! तरी कुणी हसेना! इतकी शांतता मी नगरच्या थिएटरातही अनुभवली नव्हती. मला भरून आलं. हीच ती रससिद्धी!

मग कानिफनाथ घोरला.

मी नीट बघितलं. सकाळपासून उपाशीपोटी खोदणारं अख्खं गाव झोपलं होतं. जागे होते फक्त बाई, तात्या, आणि किक मारायच्या तयारीत असलेले ओव्हरसियर.

तात्या उठून माझ्याजवळ आले. गावावरून नजर फिरवली.

"हसलं का कुनी?"

"नाही, तात्या."

"मंग जा बडोद्याला. शबुद म्हंजी शबुद."

मी त्यांच्या पाया पडणार, तेवढ्यात बाई दोरी गुंडाळता गुंडाळता थांबल्या.

"गोरक्ष, ही गाठ कसली?"

विल्सन आभाळाकडे बघू लागला.

"विल्सन!"

"तू छबूआत्यांना अष्टदिक्पाल दाखवत होतास ना... तेव्हा हिसका बसला. मधोमध. पण मी लगेच बांधली! घट्ट!"

(म्हणजे दोरी तुटली नाही, असं मी सुरुवातीला म्हणालो, ते माझ्या देखत तुटली नाही, असं वाचावं.)

"तुटली तर काय हुतं?" तात्यांनी विचारलं.

मी बाईंकडे बघून डोळ्यांनी, भुवयांनी, मानेनं विनवणी केली. शिकलेला सगळा अभिनय पणाला लावला. पण शास्त्राचा प्रश्न आला की बाई कुणाच्या नसत.

"मालकाचा मृत्यू," त्या म्हणाल्या.

तात्यांनी खड्ड्याकडे बघितलं. मग धोतराचा सोगा हातात धरून, सुरू झालेल्या राजदूतच्या मागे पळत सुटले. पन्नाशीच्या माणसाला इतकं पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"साह्येब! ओ साह्येब! दिलं ते सकाळपास्नं दिलं असं लिवा! दोरी लावायच्या आधीपास्नं!"