उभ्या गाडीतला घाट

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. प्रवासाची आखणी करावी तर मीच! बाकीचे लोक बॅगा भरतात, मी प्रवास रचते. चांगल्या कीर्तनकाराला पूर्वरंगातच ठाऊक असतं, उत्तररंगात श्रोत्यांना कुठे रडवायचं ते. तसं मला घरातून निघण्याआधीच ठाऊक असतं, कोणत्या वळणावर कुणाला मळमळणार ते. देवाची कृपा आणि माझं डोकं, दुसरं काय!

तर यंदाच्या उन्हाळ्यात आई-बाबांना गाडीनं डोंगरात न्यायचं मी ठरवलं. डोंगर साधासुधा नव्हे हं. बाबांची सगळी नोकरी रस्त्यांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत गेली. त्या डोंगरातला रस्ता कागदावर त्यांनीच काढला. एकेक वळण पेन्सिलीनं, जीभ दाताखाली धरून. पण तिथे जायचं म्हटलं की कधी आमच्या परीक्षा, कधी कुणाचं आजारपण. रस्ता झाला, त्यावरून गाड्या धावल्या, बाबा निवृत्तही झाले. "त्याची सगळी वळणं मला पाठ आहेत," ते म्हणतात, "पण आमची गाठभेटच नाही." आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसतात. चष्मा स्वच्छच असतो.

आडवा आला तो दादा. माझा थोरला भाऊ. विमा कंपनीत आहे. लोकांना जिथे दरी दिसते तिथे त्याला दावा दिसतो!

"बाबांचे गुडघे बघ, आईची कंबर बघ! आणि तू त्यांना घाटात नेणार?"

"घाटात चालायचं नाहीये दादा, बसायचं आहे!"

"बसायलाही जमणार नाही. लाव पैज! दुपारच्या जेवणापासून संध्याकाळच्या चहापर्यंत दोघांनी गाडीत बसून दाखवावं. मधे एकदाच उतरायचं. दाखवलं, तर मी स्वतः रजा काढून गाडी चालवीन. नाही दाखवलं, तर डोंगराचं नाव काढायचं नाही. कायमचं!"

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "ठरलं," ते म्हणाले.

आतून आईचा आवाज आला, "मी तर आत्तासुद्धा बसते!"

आता पैजेसाठी उगाच पेट्रोल कशाला जाळायचं? दुसऱ्याच दिवशी जेवणं उरकली आणि आम्ही इमारतीमागे झाडाच्या सावलीत उभ्या असलेल्या आमच्या गाडीत जाऊन बसलो. स्टिअरिंगवर मी, शेजारी बाबा, मागे आई. आईच्या बाजूला उशा, औषधांचा डबा, पाण्याचा थर्मास, दोन शाली आणि माझ्या आवडत्या बुवांच्या कीर्तनांचं रेकॉर्डिंग असलेला माझा फोन.

"समोर काय दिसतंय गं?" आईनं विचारलं.

"पाण्याची टाकी."

"मेली अरसिक कुठली! डोंगर समज की जरा."

बाबांना मात्र असं काही समजायची गरजच नव्हती. त्यांनी डोळे मिटले आणि रस्ता सुरू झाला. "उजवं वळण. तीव्र!"

मी स्टिअरिंग फिरवल्यासारखं केलं.

"नुसतं स्टिअरिंग काय फिरवतेस? अंगं झुकवा सगळ्यांनी! गाडी उजवीकडे वळली की अंग डावीकडे जातं."

आम्ही झुकलो. आई चुकून उजवीकडे झुकली.

"तू दरीत गेलीस!" बाबा ओरडले.

"तुम्ही नीट सांगाल तर ना! आणि तू गं, जरा हळू चालव."

"आई, गाडी उभी आहे."

"म्हणून काय झालं? तुला मेलीला वेग आवरतच नाही!"

"आंधळं वळण!" बाबा म्हणाले. "हॉर्न दे. लांबलचक!"

दिला. झाडावरची कबुतरं उडाली आणि इमारतीच्या खिडक्या उघडल्या.

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर भोंगाकाकू राहतात. हे नाव त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाही, आम्ही ठेवलंय. त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट पंपाचं पाणी चढायच्या आधी गच्चीवर पोचते. त्या खाली आल्या आणि काचेशी वाकल्या. "काय हो आजोबा, कुठे निघालात?"

"चालत्या गाडीत बाहेरच्यांशी बोलू नये," बाबा मला म्हणाले आणि त्यांनी काच वर केली.

काकूंची नजर मागे गेली. उशा! शाली! औषधांचा डबा! त्यांचा चेहरा उतू जाणाऱ्या दुधासारखा वर वर येत गेला. "आजोबा, असं काय करता? घरी चला बघू!"

बाबांनी काच बोटभर खाली केली. "घराचं नाव काढू नका. संध्याकाळपर्यंत आम्हाला गाडीतच राहायचंय. मुलांनी अटच घातलीय तशी!"

आणि काच पुन्हा वर.

यात एक अक्षरसुद्धा खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत! मी दार उघडून खुलासा करणार, तेवढ्यात बाबांनी माझा दंड धरला. "घाटात दार उघडतेस? वेड लागलंय?" तोवर काकू पसार.

थोड्या वेळानं वॉचमन आला आणि टपावर एक चटई ठेवून गेला. मग दुसऱ्या मजल्यावरचे वकील आले. मग त्यांची बायको. मग ज्यांना आम्ही जिन्यातसुद्धा कधी पाहिलेलं नाही अशी माणसं. कुणी आईकडे बघून हळहळत होतं. माझ्याकडे मात्र सगळे असे बघत होते, जणू मी देवळातल्या चपला पळवल्यात!

गर्दीकडे लक्ष जाऊन आई-बाबांचा धीर सुटू नये म्हणून मी कीर्तन लावलं. माझा भाव शुद्ध होता, देव साक्षी आहे. पण बुवा नेमके आख्यानात तापलेले! पेटीचा सूर ओढून त्यांनी आरोळी ठोकली, "अरे, ज्यांनी तुला बोट धरून चालवलं, त्यांना कुठे रे बसवलंस? सांग, कुठे बसवलंस?"

गर्दीतल्या दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

मी घाईघाईनं बंद करायला गेले आणि आवाज दुप्पट झाला. "ज्या घरात म्हाताऱ्यांना जागा नाही, त्या घराला दार तरी कशाला?" बुवा गरजले.

"बरोबर!" वकील म्हणाले.

"बरोबरच आहे," मागून आईही म्हणाली. तिला बुवांचं सगळंच पटतं.

इतक्यात दादा धापा टाकत आला. काकूंनी त्याला ऑफिसात फोन करून सांगितलं होतं, तुझ्या बहिणीनं आई-बापाला घराबाहेर काढलंय, बिचारे गाडीत राहतायत! पैज उद्या-परवा कधीतरी होईल, असं त्याला वाटत होतं. पार्किंगमध्ये होईल, हे तर त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"आई, बाबा, आधी खाली उतरा!"

बाबांनी डोळेही उघडले नाहीत. "इथे गाडी थांबवता येत नाही. अरुंद रस्ता आहे."

"बाबा, गाडी थांबलेलीच आहे! लोक जमलेत! लाज जाते माझी!"

"चहा झाला का?" आईनं विचारलं.

"अजून नाही, पण..."

"मग मधे मधे येऊ नकोस. मघाशी मी एकदा उतरून आले. आता उतरायचं नाही, तूच म्हणालायस." तिनं शाल खांद्यावर ओढली. "तुझ्या परीक्षा असायच्या तेव्हा शाळेच्या दगडी पायरीवर मी तुझा शेवटचा पेपर संपेपर्यंत बसायचे. गादीवर टेकून बसलेल्या मला तू बसायला शिकवणार? जा!"

गर्दीला आता खरा प्रकार कळला आणि सगळ्यांची नजर माझ्यावरून उठून दादावर बसली. इतकी वर्षं कीर्तनं ऐकतेय, पण श्रोत्यांचं असं झटपट मनपरिवर्तन कुठे पाहिलं नव्हतं! सगळ्यांत मोठा आवाज भोंगाकाकूंचा. "शरम वाटत नाही रे, आई-बापाची परीक्षा घेतोस ते? बसा हो आजी! बघू कोण उठवतंय!"

"डावं वळण!" बाबांनी पुकारा केला. आम्ही झुकलो. काकूही झुकल्या. वकीलही झुकले! दादा तेवढा ताठ उभा होता, पण पुढच्या वळणाला तोही किंचित कलला. मी पाहिलं.

अखेर चहा आला, काकूंच्याच घरून, मोठ्या पातेल्यात. बाबांनी डोळे उघडले, दार ढकललं आणि पाय जमिनीवर ठेवला. गुडघे वाळक्या फांदीसारखे कडाडले. सगळे श्वास रोखून उभे. बाबा उठले! पाठोपाठ आई, कंबरेवर हात ठेवून, सेनापतीसारखी. टाळ्या पडल्या. दादानं खाली मान घालून दोघांना नमस्कार केला आणि कार्यालयात रजेसाठी फोन लावला.

आणि मी? मी विजयानं दार उघडलं, उठायला गेले, आणि कंबरेत असा काही खटका बसला म्हणता! उठता येईना, वळता येईना, नीट ओरडताही येईना. वळणं घेऊन घेऊन माझी पाठच अडकली होती! शेवटी दादा आणि वॉचमननं मला बसल्या आकारातच उचललं आणि बसल्या आकारातच लिफ्टमधून वर नेलं.

डॉक्टर म्हणाले, सपाट जमिनीवर पडून राहा. प्रवासाचं नाव नको.

"हिला अशी टाकून आपण कसं जायचं?" बाबा म्हणाले.

"तुम्ही जायचं म्हणजे जायचंच!" मी निक्षून सांगितलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत आईनं बॅगेची चेन लावली होती.

काल डोंगरावरून फोन आला. आधी नुसता वारा ऐकू आला. मग बाबांचा आवाज. "अगं, मी काढला होता त्याच्यापेक्षा फार सुंदर आहे." मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. प्रत्यक्ष हात छातीपर्यंत येतच नव्हते.

मग आईनं फोन घेतला. "तुझी जागा वाया जायला नको म्हणून भोंगाकाकूंना आणलंय हं. खिडकीशी बसवलंय. फार खूश आहेत!"

असू दे! हसायचं त्यानं खुशाल हसावं. आई-बाबांना डोंगरात पोचवायचं म्हटलं होतं, पोचवलं! पुढच्या उन्हाळ्यात मीही जाणार. डॉक्टर काहीही म्हणोत, दादा काहीही म्हणो, मी जाणार म्हणजे जाणारच!

फक्त आत्ता तेवढं कुणीतरी येऊन मला या कुशीवरून त्या कुशीवर वळवा हो. दार नुसतं लोटलेलंच आहे.