पूल क्रमांक तीन

रविवारी सकाळी चहा पिता पिता सासरेबुवांनी विचारलं, "जावईबापू, तुम्ही ऑफिसात नेमकं करता तरी काय?" आणि नकाशेवाल्यांनी कप खाली ठेवायच्या आत ठरवून टाकलं, की आज दाखवायचंच!

नकाशेवाले म्हणजे आपले नायक. पालिकेच्या उद्यान खात्यात नकाशे काढतात, म्हणून सगळी बिल्डिंग त्यांना याच नावाने ओळखते. सासरेबुवा निवृत्त स्टेशनमास्तर. मनगटावर घड्याळ आणि हातात खडू, यातच हयात गेलेली. फळ्यावर गाड्यांच्या वेळा अशा ठाशीव अक्षरात लिहायचे, की चार तास उशिरा येणाऱ्या गाडीबद्दलही आदर वाटावा. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण या गृहस्थांच्या तोंडून जावयासाठी 'शाबास' हा शब्द एकदाही बाहेर पडला नव्हता. नकाशेवाल्यांना पगारवाढीपेक्षा तो शब्द हवा होता. (पगारवाढही मिळाली नव्हती, ते सोडा.)

आणि आता संधी आली होती. शहराच्या मधून वाहणाऱ्या ओढ्याच्या काठाने नवी बाग झाली होती आणि तिच्या फाटकावरचा माणसाहून उंच नकाशा खुद्द त्यांनी काढला होता.

"तू डबा घेऊन बसने पलीकडच्या फाटकाशी ये," त्यांनी बायकोला फर्मावलं. "मी आणि अप्पा आतून येतो. पूल क्रमांक तीनवरून. बरोबर वीस मिनिटं!"

"अहो, पण तुम्ही त्या बागेत कधी गेलायत का?"

"जायचं कशाला? मी काढलीय ती!"

सव्वाआठला दोघं फाटकाशी पोचले. नकाशासमोर सात-आठ माणसं उभी होती आणि चक्क त्यावर बोट फिरवत होती! नकाशेवाल्यांना भरून आलं.

"पलीकडे कुठून जायचं हो?" ट्रॅकसूटवाल्या बाईंनी विचारलं.

"माझ्यामागून या," नकाशेवाले म्हणाले. बाई निघाल्या, त्यांच्यामागे एक जाडे गृहस्थ, एक नवं जोडपं, एक कुत्रं आणि कुत्र्याचे मालक. पाहता पाहता वरात तयार झाली.

पायऱ्या उतरले मात्र, नकाशेवाले हरखूनच गेले. वर दोन्ही बाजूंना इमारती, बाल्कन्यांत वाळत घातलेल्या चादरी. आणि खाली नुसतं हिरवंगार! कागदावर जिथे त्यांनी साच्याने हिरवे गोल मारले होते, तिथे खरोखरची झाडं उभी होती. निळ्या रेघेच्या जागी पाणी वाहत होतं, शिवाय त्याला आवाजही होता.

"आता डावीकडे बाक येईल!" ते ओरडले. बाक आला. "आता पाण्याचा नळ!" नळ आला. जोडप्याने टाळ्या वाजवल्या. सासरेबुवांनी घड्याळ पाहिलं. "पंधरा मिनिटं. वेळेत आहात." एवढं बोलणं म्हणजे त्यांच्या हिशेबी भाषणच. 'शाबास' आता फार तर पाच मिनिटांवर होता.

"आणि या वळणावर," नकाशेवाल्यांनी हात पसरले, "पूल क्रमांक तीन!"

वळणावर ओढा होता. पूल नव्हता.

पाण्यात दगड होते, पण मधोमध हत्ती जाईल एवढी फट. पलीकडच्या काठावर बायको डब्याची पिशवी हलवून हाका मारत होती. आणि मग नकाशेवाल्यांना सगळं आठवलं. खात्याचा नियम असा, की झालेलं काम अखंड रेघेने दाखवायचं आणि व्हायचं असलेलं तुटक रेघेने. पूल तीन तुटक होता. पण उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेब म्हणाले, "तुटक रेघ बरी दिसत नाही हो. लोकांना वाटेल, काम अपुरं आहे." यांनी पेन घेतलं आणि मिनिटाभरात पूल पूर्ण केला.

"कुणी काढलाय हो तो नकाशा?" ट्रॅकसूटवाल्या बाई कडाडल्या.

"अगदी!" सगळ्यांत मोठा आवाज नकाशेवाल्यांचाच. "अशा माणसाला या ओढ्यात उभं करायला पाहिजे!"

सासरेबुवांनी घड्याळावरून नजर उचलली. त्यांनी जावयाकडे फक्त पाहिलं.

नकाशेवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मुकाट्याने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते त्या फटीत जाऊन उभे राहिले. बाई त्यांचा हात धरून गेल्या, जोडपं खांदे धरून गेलं, कुत्रं डोक्यावरून गेलं. जाडे गृहस्थ कसे गेले ते नकाशेवाल्यांच्या कंबरेला विचारा. तोवर नकाशावर विसंबून मागून आणखी माणसं येऊ लागली. पण गंमत अशी, की पाऊण तासात नकाशेवाल्यांना रंग चढला. "सावकाश! पुढचे या! आजी, पिशवी इकडे द्या!" आयुष्यात इतके लोक त्यांना कधी धन्यवाद म्हणाले नव्हते.

शेवटी सासरेबुवा. जावयाच्या खांद्यावर हात टेकून, बुटाला थेंबही न लागता पलीकडे गेले. मागे वळले.

"शाबास!" ते म्हणाले.

चौदा वर्षांनी! पाण्यातल्या पाण्यात नकाशेवाल्यांनी उडी मारली आणि आपटले. आठवडाभर त्यांची कंबर दुखत होती आणि आठवडाभर ते हसत होते.

पुढच्या रविवारी ते बायकोला ती ऐतिहासिक जागा जवळून दाखवायला निघाले. सासरेबुवा सकाळीच एकटे फिरायला गेले होते. कंबरेमुळे चाल मंद, त्यामुळे बागेच्या फाटकाशी पोचायला साडेआठ झाले. नकाशासमोर ही गर्दी! नकाशाखालच्या काळ्या पट्टीवर पांढऱ्या खडूने, ओळखीच्या ठाशीव अक्षरात लिहिलं होतं:

'पूल क्र. ३. दर रविवारी ०८.३०. थांबा ४५ मिनिटे. आज १५ मिनिटे उशिरा.'

नकाशेवाले धडपडत वळणापर्यंत गेले. ओढ्याकाठी वीसेक माणसं रांगेत उभी, रांगेच्या तोंडाशी सासरेबुवा, हातात घड्याळ.

"आला, आला!" जाडे गृहस्थ आनंदाने ओरडले. "पूल आला!"

नकाशेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने पिशवीतून घडी घातलेली हाफ पँट काढली आणि त्यांच्या हातात ठेवली.