कंपनीचं विरजण

गाडीला रस्ते ठाऊक असतात ते इंजिनातल्या ऑइलमुळे, म्हणून आमच्या कराडात ऑइल बदलताना जुन्यातलं चमचाभर विरजणाला मागे ठेवतात. सगळंच काढून टाकलं तर गाडी कोरी होते. ती चालते, हॉर्न वाजवते, वळते. पण बाजार कुठला आणि माहेर कुठलं हे तिला सांगता येत नाही, आणि माणसाला प्रत्येक चौकात काच खाली करून वाट विचारत बसावं लागतं. नव्या ऑइलात जुन्याचा चमचा पडला की रस्ते हळूहळू सगळीकडे धरतात आणि सकाळी गाडी पुन्हा शहाणी झालेली असते. ज्यांच्या घरी दही लागतं त्यांना यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

आमची गाडी सासऱ्यांनी घेतलेली. त्यांना सगळे आप्पा म्हणत. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि गुरुवारी सासूबाईंना शेजारी बसवून कुठेतरी फिरायला जायचं, हा त्यांचा नेम. कुठे जाता म्हणून विचारलं की म्हणायचे, "इथंच, जरा पलीकडं." आप्पा गेले त्यानंतरच्या चैत्रात सासूबाई गाडी शिकल्या. क्लच-ब्रेक त्यांना येतं, रस्ते येत नाहीत. पण गाडीला येत होते, तेव्हा अडण्याचा प्रश्न नव्हता. गुरुवारी जेवणं आटोपली की त्या ठेवणीतलं पातळ नेसून निघत आणि दिवेलागणीच्या आत परत येत. येताना मांडीवर हरभऱ्याच्या डहाळ्याची जुडी. ओली, हिरवीगार, बोटांना आंब लागेल अशी. थंडीत ठीक आहे, पण त्या वैशाखातही डहाळा आणत. आम्ही काही विचारलं नाही. घरात हवा तेवढा डहाळा खायला मिळत असेल तर शहाणा माणूस विचारत नाही.

ऑइल बदलायला गाडी नेहमी दस्तगीर मिस्त्रीकडे जायची. दस्तगीर माणूस सोन्यासारखा, पण हात भारी अजागळ. त्याच्या फळीवर सगळ्यांच्या विरजणाच्या वाट्या एका रांगेत मांडलेल्या असत, आणि कुठली कुणाची हे तो वास घेऊन सांगे. त्याला सर्दी झाली की गावाचे हाल. एका पावसाळ्यात त्यानं डॉक्टर देसाईंच्या गाडीत एका बांगडीवाल्याचं विरजण टाकलं. डॉक्टर दवाखान्याला म्हणून निघायचे आणि बांगडीवाल्याच्या सासुरवाडीला पोचायचे. पहिल्यांदा त्यांनी माफी मागितली, दुसऱ्यांदा चहा घेतला. आता त्यांची दिवाळीच तिथं होते. डॉक्टरीणबाई मात्र अजून दस्तगीरशी बोलत नाहीत.

हे सगळं पाहिल्यामुळे माझा नवरा मकरंद यंदा हटून बसला.

"गाडी शोरूमला न्यायची," तो म्हणाला. "हायवेला एवढं मोठं सर्व्हिस सेंटर आहे. फरशीवर जेवून घ्यावं इतकं स्वच्छ. तिथली माणसं शिकलेली आहेत."

"शिकलेल्यांना विरजण लावता येतं का?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, त्यांचं रोजचं काम आहे ते."

सासूबाई उठल्या. मग आत जाऊन त्यांनी स्टीलची झाकणाची वाटी आणून त्याच्या हातात दिली. "चमचाभर ठेवायला सांग. विसरू नकोस. मला गुरुवारी जायचंय."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण वाटी सोडताना बोटं जरा रेंगाळली. मला तेव्हाच वाटलं होतं की मी बरोबर जावं. पण नवऱ्याला एखादं काम एकट्याला करू दिलं नाही तर तो आठवडाभर तोंड फुगवून बसतो, म्हणून मी गेले नाही.

मकरंद वाटी विसरला नाही, हे मला त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. त्यानं ती काउंटरवर ठेवली आणि चमचाभर जुनं ऑइल काढून ठेवा असं स्पष्ट सांगितलं. काउंटरवरची मुलगी गोड हसली. म्हणाली, "सर, घरून आणायची गरजच नाही. आमच्याकडे कंपनीचं विरजण असतं. सीलबंद. प्लांटमधून येतं."

आणि आमचा शहाणा रिकामी वाटी घेऊन परत आला. वर आम्हालाच सांगू लागला की कंपनीचं म्हणजे चांगलंच असणार. जन्मभर घरचं दही खाल्लेल्या माणसाला एवढं कळू नये, याचा मला राग आला. पण गाडी धुऊनपुसून इतकी चकचकीत झाली होती, आणि आत लिंबाचा इतका सुरेख वास येत होता, की मीही गप्प बसले.

गुरुवारी सासूबाई निघाल्या. दिवेलागणीच्या आत परतल्या. मांडीवर काही नव्हतं.

"काय झालं, आई?"

"काही नाही गं. छान रस्ता होता." त्या पायरीवरच बसल्या. "रुंद. एक खड्डा नाही. दोन्ही बाजूंना गवत कापलेलं. हळूच वळतो, पुन्हा हळूच वळतो. पुढं मागं कुणी नाही. सारखं वाटत होतं, आता येईल, आता येईल." त्यांनी चपला काढल्या, एकीवर एक ठेवल्या. "पण तो कुठं जातच नव्हता."

कंपनीच्या विरजणाला कंपनीचाच रस्ता येणार. गाड्या तपासायला कारखान्यामागे जो गोल रस्ता असतो, तेवढाच. पुढच्या गुरुवारी मी त्यांच्याबरोबर बसले. खरोखर सुंदर रस्ता आहे. उन्हाचा ताप लागत नाही, आवाज होत नाही, गवताचा वास येतो आणि डोळे मिटायला लागतात. एका बाजूला कायम सकाळ असते आणि एका बाजूला कायम संध्याकाळ. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूसही तिथं सुखानं म्हातारा होईल. सासूबाई मात्र प्रत्येक वळणावर समोरच्या काचेला नाक लागेल इतकं पुढे वाकून बघत होत्या, आणि दर वेळी मागे टेकत होत्या. कितव्या फेरीला कोण जाणे, पण मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रिक्षानं शोरूमला गेलो. काउंटरवर तीच मुलगी होती. छातीवरच्या पट्टीवर तेजस्विनी असं नाव. तिनं आम्हाला सोफ्यावर बसवलं, यंत्रातली कॉफी दिली आणि तक्रार नीट ऐकून घेतली.

"मॅडम, गाडी रस्त्यावरून खाली उतरते का?"

"नाही."

"गचके?"

"नाहीत."

"मग रस्त्यात दोष काय आहे?"

"दोष नाही," सासूबाई म्हणाल्या. "तो माझा नाही, एवढंच."

तेजस्विनीनं मान हलवली. असं म्हणणारे बरेच येत असावेत. "जुनं ऑइल आता परत मिळणार नाही, काकू. ते मागच्या टाकीत जातं. सगळ्यांचं एकत्र."

"मग टाकीतलं चमचाभर द्या. मी शोधीन त्यातून."

"नाही देता येत. त्यात किती घरांचे रस्ते आहेत! कोण कुणाला भेटायला जातं ते दुसऱ्या कुणाला कळलं तर आमच्यावर येतं. पॉलिसी आहे." मग जरा खालच्या आवाजात ती म्हणाली, "पण बघायचीये तर दाखवते."

टाकी शेडच्या मागे होती, काळी, माणसाच्या उंचीची. सासूबाईंनी पदर खोचला आणि तिच्या पत्र्याला कान लावला. मीही लावला. आतून एक संथ, खोल गुणगुण येत होती. कुठे रिव्हर्सची धून वाजत होती. कुठे घाट चढणाऱ्या गाडीचा आवाज बदलत होता. एक लहान पोर विचारत होतं, "आलं का? आलं का?" आणि कुणीतरी न कंटाळता सांगत होतं, "आलंच." सासूबाई बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. कान काढला तेव्हा गालावर काळा डाग पडला होता. तो त्यांनी पुसला नाही.

"आहेत त्यात," त्या म्हणाल्या. "पण फार गर्दी आहे."

निघताना तेजस्विनी म्हणाली, "आमच्यावरचा विश्वास कमी होऊ देऊ नका. आमच्याकडे ऑइल काढायचा-ओतायचा जगसुद्धा प्रत्येक गाडीनंतर पुसतात. एकाचा रस्ता दुसऱ्याला जाण्याचा प्रश्नच नाही."

घरी येताना सासूबाई तिचीच बाजू घेत होत्या. पोरगी चांगली आहे, स्वच्छता आहे, कॉफीत साखर तेवढी जास्त. मकरंदला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि त्यामुळे तो बिचारा घरभर चोरासारखा वावरत होता. त्यानं दस्तगीरकडेही विचारून पाहिलं. दस्तगीर म्हणाला, "माझ्याकडं मागची वाटी होती की! पण तुम्ही शोरूमला गेला म्हणून मी ती मामलेदारांच्या जीपमधी ओतली. आता ती बदली होऊन गेली चंद्रपूरला."

गुरुवार येत राहिले. सासूबाई जेवण आटोपून पायरीवर बसत. गाडीत बसत नसत. ठेवणीतलं पातळ नेसत, हे मला फार लागायचं.

मग वैशाखातल्या एका गुरुवारी, ऊन कलल्यावर, आमच्या दारात एक अनोळखी गाडी थांबली. तिच्यातून एक जाडसर गृहस्थ उतरले. मलकापूरचे होनराव, ठिबक सिंचनाच्या पाइपांचा धंदा. त्यांच्या हातात हरभऱ्याच्या डहाळ्याची जुडी होती.

"शिराळकरांचं घर हेच का?" त्यांनी विचारलं. "माफ करा, मी जरा गोंधळलोय. निघालो होतो उंब्रजला, पार्टीकडं; रस्ता माझा मला पाठ. शोरूममधनं ऑइल बदलून आणल्यापासनं गाडी एका फाट्याला डावीकडं ओढायला लागलीये. आज म्हटलं, जाऊ दे, बघू तरी कुठं नेते."

सासूबाई पायरीवरून उठल्या होत्या.

"तिकडं एक चिंच आहे," होनराव म्हणाले. "खाली दगडी बाक. सगळीकडं हरभरा, ह्या दिवसांत! बाकावर एक गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. माझी गाडी आली तसे उठून उभे राहिले, आणि मी उतरल्यावर परत बसले. कराडला जाताय का म्हणाले. हो म्हटलं. तर हे उपटून दिलं आणि पत्ता सांगितला."

"आणि?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणाले, तिला म्हणावं, रस्ता चुकला असेल तर घाई करू नको. मी बसलोय."

मकरंदनं पुढे होऊन होनरावांच्या हातातली जुडी घेतली आणि ती छातीशी धरून तो तसाच उभा राहिला.

म्हणजे शोरूममधला ऑइलचा जग पुसायचा राहिला होता. आमच्या गाडीमागोमाग होनरावांची गाडी लागली असणार, आणि कुणीतरी हयगय केली असणार. देव त्या हयगय करणाऱ्याच्या लेकराबाळांना सुखी ठेवो.

सासूबाई लगबगीनं आत गेल्या आणि ती झाकणाची वाटी घेऊन बाहेर आल्या. शेजारणीच्या दारात उभं राहून म्हणावं तसं त्या होनरावांना म्हणाल्या, "भाऊ, विरजणापुरतं द्याल का?"

होनरावांनी आधी वर पाहिलं. सूर्य समोरच्या गच्चीच्या कठड्याला टेकला होता. दिवेलागण झाल्यावर विरजण कुणी देत नाही. घरातली लक्ष्मी जाते म्हणतात, आणि होनराव धंद्यातले होते.

"अजून दिवा लागलेला नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, नाही," मी म्हणाले, आणि धावत देव्हाऱ्यापाशी जाऊन उभी राहिले. कुणी चुकून लावू नये म्हणून काडेपेटी मुठीत घेतली. खिडकीतून मला दिसत होतं. होनरावांनी बॉनेट उघडलं, ऑइल मोजायची पट्टी ओढून काढली आणि वाटीवर धरली. एक थेंब पडला. त्यांनी पट्टी पुन्हा आत घातली, पुन्हा काढली. ऑइल ओघळायला वेळ लावत होतं. ऊन कठड्यावरून घसरत गेलं. समोरच्या जोशीकाकू तुळशीपाशी पणती घेऊन आल्या, आमच्या दारातला प्रकार त्यांनी पाहिला, आणि पणती तशीच हातात धरून थांबल्या. त्यांच्या शेजारच्या घरातली ट्यूबलाइट लागता लागता विझली. सगळी आळी थांबली होती.

"आई, लावू का?" मी आतून विचारलं.

"थांब."

पट्टी आणखी एकदा आत गेली.

"आता लाव," सासूबाई म्हणाल्या.

मी काडी ओढली. जोशीकाकूंची पणती लागली, मग एकेक करत आळीतले दिवे लागले. होनरावांनी हात पुसले, चहा घेतला. त्यांना उंब्रजला जायला उशीर झाला होता. उठताना एवढंच म्हणाले की पुढच्या खेपेला आपणही ऑइल बदलायला न्यायच्या आधी चमचाभर घरी काढून ठेवू. न जाणो.

मकरंदनं घसा साफ केला. "आई, उद्या गाडी कुणाकडे नेऊ? दस्तगीर, की…"

"कुणाकडे नको. माझी मी ओतीन."

आम्ही ओसरीवर डहाळा सोलायला बसलो. सासूबाईंनी वाटीवर झाकण ठेवलं, वरून फडकं गुंडाळलं, आणि ती ओट्याच्या उबदार कोपऱ्यात ठेवून सगळ्यांना बजावलं, सकाळपर्यंत कुणी हलवू नका.