एल्डनचा भोपळा आणि बिशपची बादली

एल्डन क्रिस्तेनसेनच्या भोपळ्याची पानं त्याही वर्षी पिवळी पडायला लागली, तेव्हा त्याने बायकोची व्हिनेगरची बाटली उचलली आणि थोडं वाफ्यात ओतलं. माती सोड्यासारखी फसफसली.

"काकड्यांच्या लोणच्यासाठी होतं ते," नोरीन खिडकीतून म्हणाली.

"बघ ना, अजून फसफसतेय. माती कसली, चुन्याची भट्टी आहे."

आमच्या सॅनपीट खोऱ्याचे डोंगरच चुनखडीचे. पाणी त्यातूनच येतं, किटलीत पांढरा थर धरतं आणि वाफ्यात मुरतं. असल्या मातीत लोह असून नसल्यासारखं, वेलीला ते घेताच येत नाही. एल्डन माती आंबट व्हावी म्हणून दर शरदात गंधक मिसळायचा, पाण्यात लिंबूफूल टाकायचा. समोरच्या रूलन जॉर्गनसनला यातलं काहीच करावं लागत नसे, कारण त्याच्या परसात आजोबांचा मेंढवाडा होता आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं खत मुरलेलं होतं. जत्रेत राक्षसी भोपळ्याच्या पहिल्या बक्षिसाची निळी फीत दर वर्षी रूलनला मिळे. ती छातीवर लावून घेताना तो न चुकता म्हणे, "एल्डन, तुझाही यंदा बरा भरला होता हं."

वर हा रूलन आमच्या चर्चचा बिनपगारी बिशप. आठवडाभर ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचा आणि रविवारी लोकांची पापं ऐकायचा.

त्या वसंतात भोपळेवाल्यांच्या बैठकीत कुणीतरी एल्डनच्या कानात सांगितलं की, कॉफीच्या चोथ्याने माती आंबट होते. आता आमच्या पंथात दारू, तंबाखू आणि कॉफी एकाच माळेचे मणी, तिन्ही वर्ज्य. गावात कॅफे एकच, तेही हमरस्त्यावरच्या परक्या माणसांसाठी टेसा नावाच्या परक्याच बाईने काढलेलं. एल्डन दिवसाढवळ्या पुढच्या दाराने बादली घेऊन गेला असता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण चोराच्या मनात चांदणं. त्याने गाडी बँकेच्या मागे लावली, टोपी कानांवर ओढली, मागच्या दाराने आत गेला आणि कोटाखाली बादली लपवून बाहेर आला. नेमक्या त्याच वेळी आमच्या चर्चमधल्या भगिनी अर्व्हिला सोरेनसेन बँकेच्या पायऱ्या उतरत होत्या.

रविवारपर्यंत सगळ्या मंडळीला कळलं. कुणी एक अक्षर बोललं नाही, उलट घरी जेवण यायला लागलं. चीज घालून भाजलेल्या बटाट्यांचं भांडं आमच्याकडे मयताच्या घरी जातं. ते घेऊन अर्व्हिलाबाई आल्या आणि नोरीनला मिठी मारून म्हणाल्या, "भगिनी, आम्ही सगळ्या तुझ्या पाठीशी आहोत." कोण गेलं हे नोरीनला कळेना. शेवटी बाईंनी हलक्या आवाजात कॉफीचं सांगितलं.

नोरीनने नवऱ्याला धरलं. त्याने बादलीचं झाकण उघडून दाखवलं. तिचा लगेच विश्वास बसला, कारण रोज सकाळी तो काहीतरी पसरून वाफ्याजवळ खुर्चीवर डोळे मिटून बसायचा हे ती पाहत होती. ती समजत होती, प्रार्थना करतोय.

"मग लोकांना सांगून टाक की," ती म्हणाली.

"सांगितलं तर रूलनला कळेल."

बटाटे खात जत्रेपर्यंत कळ काढायची असं त्याने ठरवलं होतं. पण सप्टेंबरात त्याची नात ब्रिनली हिचं लग्न होतं, मँटायच्या आमच्या पंथाच्या मंदिरात. मंदिरात पाऊल टाकायचं तर लायकीचा दाखला लागतो, आणि कॉफी पिणाऱ्याला तो मिळत नाही. एल्डनच्या दाखल्याची मुदत ऑगस्टात संपत होती आणि नव्यावर पहिली सही बिशपची. दाखला नाही तर आजोबांनी बाहेर हिरवळीवर बसायचं.

रूलनने त्याला समोर बसवलं. चेहरा गंभीर होता.

"बंधू एल्डन, तू कॉफी पितोस?"

"नाही."

"मग टेसाकडून मागच्या दाराने काय आणतोस?"

 एल्डनच्या एका डोळ्यासमोर पांढऱ्या पोशाखातली ब्रिनली, दुसऱ्यासमोर वासराएवढा झालेला भोपळा. त्याचा जीव तुटत होता, पण नात ती नात.

"चोथा," तो म्हणाला. "भोपळ्याच्या वाफ्यात टाकतो."

बिशपचं पेन थांबलं. खुर्चीतला बिशप कुठेतरी गेला आणि भोपळेवाला पुढे वाकला.

"पानं हिरवी झाली?"

"झाली."

रूलनने झरझर सही केली. इथलं बोलणं या खोलीबाहेर जाणार नाही, असं त्याने वचनही दिलं.

पुढच्याच सोमवारी बँकेच्या मागे बिशपची गाडी उभी होती. त्याचं टेसाकडच्या चोथ्यावर भागेना, म्हणून तो शेजारच्या गावांतूनही पिंपं भरून आणू लागला. मेंढवाड्यावर घोट्याएवढा थर झाला. अर्व्हिलाबाईंनी हेही पाहिलं, आणि बिशपच्या घरी बटाटे गेले.

ब्रिनलीच्या लग्नात एल्डन पहिल्या रांगेत बसला आणि मनसोक्त रडला. एवढा आनंद त्याला कुठल्याच फितीने दिला नसता, असं त्याला त्या दिवशी तरी वाटलं.

मग जत्रा आली. रूलनच्या वाफ्यावर चोथ्याची पापडी धरली होती, पाणी खाली उतरलंच नव्हतं, आणि भोपळा मध्येच रुसून बसला होता. एल्डनचा काट्यावर चढवायला यंत्र लागलं. आकडा बघून मांडव टाळ्यांनी दणाणला. निळी फीत छातीवर लावून एल्डन रूलनकडे वळला. हे वाक्य त्याने कित्येक वर्षं जपून ठेवलं होतं.

"रूलन, तुझाही यंदा बरा भरला होता हं."

नंतर मांडवामागे रूलनने त्याला गाठलं. "तुझ्याकडे चोथा चालला. माझ्याकडे का नाही?"

"माझ्याकडे तरी कुठे चालला? जूनमध्येच पुन्हा व्हिनेगर टाकून पाहिलं. जिथे नुसता चोथा होता तिथली माती पहिल्यासारखीच फसफसली. पानं हिरवी केली गंधकाने. त्याला गुण यायला वर्षं लागतात."

"मग रोज बादली कशाला आणत होतास?"

एल्डनने आजूबाजूला अर्व्हिलाबाई नाहीत याची खात्री करून घेतली.

"वासाला," तो म्हणाला. "पिऊ नका एवढंच सांगितलंय ना?"

 बिशपपुढे धर्माचा प्रश्न होता, घाईने निकाल देऊन चालणार नव्हतं. त्याच्या स्वतःच्या भोपळ्याची आशा केव्हाच संपली होती, तरी गेला महिनाभर तोही सकाळी तिथे खुर्ची टाकून बसत होता.

"बँकेच्या मागे दोन गाड्या बऱ्या दिसत नाहीत," तो शेवटी म्हणाला. "सोमवारपासून माझीही बादली तूच आण."