कामट्यांचं काकण

सामत्याची दोरी ओढून ओढून रघूचं मनगट सुजलं ते नेमकं शनिवारी. आणि सोमवारी तर त्याला धसईला जाऊन यमाजी सुताराला आपल्या हातचं काम दाखवायचं होतं. यमाजीची कमळ रघूच्या आईला, सोमीला, मनापासून पसंत होती. पोरगी कामसू, बोलायला गोड, देवाधर्माचं करणारी. पण यमाजीनं साफ सांगून ठेवलं होतं, "पत्रिका भटजीला दाखवा. मला मनगट दाखवा. रामाच्या पाळण्याला भोकं पाडायचीत, ती तुमच्या पोरानं माज्या डोळ्यांदेखत पाडावी. हात पटला तर पोरगी दिली, नाय तर राम राम."

सामता म्हणजे सुताराचं भोकं पाडायचं हत्यार. लाकडी दांडा, खाली लोखंडी टोक आणि दांड्याला दोरीचा वेढा. एका हातानं दांडा दाबून धरायचा, दुसऱ्यानं कमानीची दोरी मागेपुढे ओढायची, की टोक गरगर फिरत लाकडात शिरतं. सरावाच्या नादात रघूनं घरातली एक फळी धड ठेवली नव्हती. आईच्या पोळपाटालासुद्धा मधोमध भोक पडलं होतं. शेवटी मनगटच म्हणालं, आता पुरे.

सोमीनं बांबूच्या पातळ कामट्या तासून घेतल्या. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात त्या बसवल्या, आंबेहळद उगाळून त्यात मीठ घातलं, फडकं त्यात चांगलं भिजवलं आणि रघूच्या मनगटाभोवती गुंडाळून सुताच्या दोऱ्यानं आवळलं. मनगट वाकेना, पण बोटं मोकळी राहिली. रघूनं भीत भीत सामता ओढून पाहिला.

"आई, कळ येत नाय गो!"

"महादेवाची कृपा."

"पन धसईत कुणाला कळता कामा नाय. सुताराचं मनगट दुखतं म्हनलं तर यमाजी उंबऱ्यावरनंच परत लावंल."

"मी कशाला सांगू? आन् जायाचं ते सोमवारी. मी बोलनार तरी हाय का?"

हे खरंच होतं. रघू लहान असताना तापानं फणफणला, तेव्हा सोमीनं महादेवाला सोमवारचं मौन बोललं होतं. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत शब्द नाही, आणि पोटात अन्नही नाही. ते व्रत तिनं कधी मोडलं नव्हतं. एकदा गोठ्यात साप निघाला, तेव्हाही तिनं थाळी वाजवूनच घर जागं केलं. रघूचे वडील लाकडाच्या कामाला उंबरमाळीकडे गेले होते, म्हणून पोराबरोबर तिलाच निघावं लागलं. नवं लुगडं नेसली, देवाला नमस्कार केला आणि मोटार लागते म्हणून हुंगायला एक लिंबू ओटीत टाकलं.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून शहापूरहून सुटणारी मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. चालायची म्हणायचं एवढंच. चढ आला की उतारूच तिला चालवायचे. रघूनं दुखरा हात पंचाखाली झाकून घेतला होता आणि सामता मांडीवर आडवा धरला होता.

"ओ सुतार, ते टोक सांभाळा," कंडक्टर ओरडला. "कुणाच्या पोटात जाईल. झाका ते, नाय तर टपावर टाकतो."

झाकायला काही नव्हतं. सोमीनं विचार केला आणि ओटीतलं लिंबू काढून टोकावर खोचून दिलं. कंडक्टर खूश झाला. सोमीही खूश झाली, कारण लिंबाचा वास आता आपोआपच येत होता.

पुढे चढावर मोटारीनं धाप टाकली. सगळे बाप्ये खाली उतरले आणि ढकलू लागले. रघूही ढकलू लागला, आणि त्या रेट्यात पंचा कुठे गळून पडला ते त्यालाही कळलं नाही. घामाघूम होऊन तो वर येऊन बसला, तेव्हा शेजारची बाई त्याच्याकडे टक लावून बघत होती. ही धसईची सुंदरा. शहापूरला लेकीकडे जाऊन परत निघाली होती, आणि चढ लागेपर्यंत तिनं लेकीच्या सासूचं सगळं चरित्र मोटारीला ऐकवून संपवलं होतं.

सुंदरानं पिवळं मनगट पाहिलं. लिंबू पाहिलं. सोमीचं नवं लुगडं पाहिलं.

"अगो बाय! नवरदेव!"

यात सुंदराची काही चूक नव्हती. हाताला हळदीचं काकण, मुठीत लोखंड आणि लोखंडाच्या टोकाला लिंबू. हळद लागलेला नवरा आपल्याकडे याहून वेगळा कुठे दिसतो?

"मावशे, तसं काय नाय," रघू म्हणाला.

"तसं नाय तर कसं? कुठं चाललास रे?"

"धसईला. यमाजी सुतारांकडं. जरा काम हाय."

"काम! लाजतो बघ कसा! म्हंजे आमची कमळ काय? तू आई ना गो याची? बोल ना. लगीन कवा?"

सोमीनं ओठांवर बोट ठेवलं. मग वर सूर्याकडे बोट दाखवलं आणि हात हळूहळू पश्चिमेला खाली नेला. बाई गं, माझं मौन आहे, दिवस मावळला की बोलेन, एवढंच तिला सांगायचं होतं.

सुंदराचे डोळे चमकले. "गोरज मुहूर्तावर! आन् कुणाला सांगायचं नाय, व्हय? नाय सांगत. माज्या पोटात गेलं ते गेलं."

सोमीनं दोन्ही हातांनी नाही नाही केलं.

"नाय सांगत म्हनलं ना! किती येळा बजावशील?"

धसईला उतरल्यावर सुंदरा बांधावरच्या वाटेनं झपाझप निघून गेली. सोमीला सोमवारचं महादेवाचं दर्शन चुकवायचं नव्हतं, म्हणून मायलेक देवळात गेले. बेल वाहून, प्रदक्षिणा घालून ती दोघं बाहेर आली, तोवर सुंदराच्या पोटात गेलेलं सगळ्या धसईत पोचलं होतं.

यमाजीच्या अंगणात उभं राहायला जागा नव्हती. बायका चुलीला दगड लावत होत्या, कुणी तांदूळ निवडत होतं, आणि सनईवाला एका बाजूला बसून पत्ती ओली करत होता. मधोमध अर्धवट पाळणा, आणि पाळण्याशेजारी कमरेवर हात ठेवून यमाजी.

"रघू! म्या तुला भोकं पाडाया बोलावला, बोहल्यावर चढाया नाय! माज्या पोरीचं लगीन हाय, आन् ते मला या सुंदरानं सांगायचं?"

"मी कुनालाबी सांगितलं नाय," सुंदरा म्हणाली. "फकस्त आळीत बोलले."

"मामा, तसं नाय वो," रघू चाचरला.

"मग हाताला काय हाय हे?"

रघूनं हात पाठीमागे नेला. मनगट दुखतं म्हणावं तर पोरगी गेली. काही न म्हणावं तर आगाऊ ठरून पोरगी गेली. त्यानं आईकडे पाहिलं.

"बाई, तुमी तरी सांगा," यमाजी सोमीकडे वळला.

सोमीच्या जिभेवर शब्द येऊन उभे होते. अहो, ते काकण नाही, औषध आहे. एवढंच तर म्हणायचं. पण इतक्या वर्षांचं मौन, आणि त्यावर पोराला दिलेला शब्द. तिनं हात जोडले, आणि काही सुचेना म्हणून पुन्हा सूर्याकडे बोट दाखवून हात खाली आणला.

"बघा! गोरज!" सगळ्या बायका एकदम म्हणाल्या. सनईवाल्यानं एक पीऽऽ काढून पाहिलं.

यमाजीची बायको लहानी गूळपाणी घेऊन आली. सोमीनं उपास आहे अशी हातानं खूण केली. लहानी तांब्या घेऊन तशीच थबकली. "पोरीच्या आईबापानं उपाशी रावायचं, ही आपली रीत. हितं तर वरमायच उपाशी! किती मानाची मानसं गो ही!" आणि तिनं जाऊन तांदूळ वाढवायला सांगितले.

"सोडूनच टाकतो हे," म्हणत रघूनं दोऱ्याला हात घातला, तशा बायका किंचाळल्या.

"लगीन लागल्याबिगर काकण सोडतोस? पोरीच्या जिवावर उठलास का रे?"

"मग राहू द्या तसंच. पाळणा द्या हिकडं, भोकं पाडतो."

"हळदीच्या नवऱ्यानं हत्यार चालवायचं नाय!" सुंदरानं त्याला धरून ओट्यावर बसवलं. "लोखंड मातर हातात धरून बस हां. सोडू नको."

झालं. रघू हातात सामता धरून बसला, आणि तो चालवायचा तेवढा नव्हता. यमाजीनं डोक्याला हात लावला. "हात चालवायचा नाय, तर मी बघू काय? लिंबू? ज्यानं भोक पाडलं नाय त्याला पोरगी नाय. शब्द म्हंजे शब्द. आन् उद्या नवमी, राम काय जमिनीवर जन्माला घालू? सरा बाजूला!"

त्यानं आपला सामता आणला आणि स्वतःच पाळण्याशी बसला. सोमी तुळशीपाशी टेकली आणि पदराचं टोक दातांत धरून मनातल्या मनात शिवशिव करत राहिली. ठरत आलेलं सोन्यासारखं स्थळ डोळ्यांदेखत हातचं चाललं होतं, आणि ते अडवायचे चार शब्द तिच्याच तोंडात होते. सूर्य मात्र त्या दिवशी चिंचेच्या शेंड्यावर अडकून बसल्यासारखा हलत नव्हता.

यमाजीनं एक भोक पाडलं. दुसऱ्याला कमान मध्येच थांबली.

"गाठीचं लाकूड हाय," तो कुणी विचारलं नसताना म्हणाला.

सोमीनं मान वर केली. यमाजीनं अंगठा तळहाताला चिकटवून धरला होता. शनिवारी मनगटात कळ आल्यावर रघूनं धरला होता, अगदी तसाच. दोघांची नजरानजर झाली. यमाजीनं घाईनं मान वळवली आणि जोरात दोरी ओढली.

"आई गंऽऽ!"

कमान एकीकडे, सामता एकीकडे. तेवढ्यात दारातून कमळ तरातरा बाहेर आली. तिच्या हातात कामट्या होत्या, धोतराचं फडकं होतं, आणि फडकं पिवळंजर्द होतं.

"बा, सांगितलं व्हतं ना, बांधल्याबिगर बसू नका म्हनून! मानसं जमली की लाज वाटते तुमाला!" आणि तिनं सगळ्यांसमोर बापाचा हात मांडीवर घेऊन आवळून बांधला.

लहानीचा तांब्या कलला. "हे कवापासनं?"

"दिवाळीपासनं. मी रोज पहाटे बांधते. आई नाय तर कुणी आलं की बा सोडून भाताच्या कनगीमागं टाकतात."

सगळं गाव यमाजीच्या हाताकडे बघू लागलं, मग रघूच्या, मग पुन्हा यमाजीच्या. तेच फडकं, त्याच कामट्या, तोच पिवळा रंग.

"अगो बाय," सुंदरा म्हणाली, "सासऱ्यालाबी काकण!"

पहिल्यांदा सनईवाला हसला, मग कुणालाच आवरेना. यमाजी मात्र उठून ओट्यापाशी गेला. त्यानं रघूचा हात धरला, कामट्या दाबून पाहिल्या, वास घेतला.

"कवा सुजलं?"

"शनवारी. सराव करताना," रघू खाली बघत म्हणाला. "आईचं पोळपाटबी भोकाचं केलं मी."

"मग बोलला का नाय, गाढवा?"

"सुताराचं मनगट दुखतं म्हनल्यावर पोरगी कोन देनार?"

यमाजीनं दाढी खाजवली. मग म्हणाला, "खरं हाय. मीबी त्याच भ्यानं बोललो नाय. हा पाळणा माज्याच्यानं व्हनार नव्हता, म्हनून तर तुजं मनगट बघायला निघालो. दुखतं तरी लपवायचं, आन् लपवता तर येत नाय! तू आमच्या घरातलाच दिसतोस. उतर खाली."

सुंदरा काही बोलणार होती, पण तिच्या हातात रघूनं लिंबू ठेवलं आणि तो पाळण्याशी बसला. यमाजीनं डाव्या हातानं दांडा दाबून धरला, रघूनं कामट्यांच्या जोरावर दोरी ओढली. एक दमला की दुसऱ्यानं ओढायची. कमळ भुसा झटकायच्या निमित्तानं तिथून हललीच नाही. शेवटच्या भोकातून टोक आरपार निघालं, तेव्हा लहानी तुळशीत दिवा लावत होती.

सोमीनं दिव्याला हात जोडले. अंगणातला गलबला आपोआप थांबला. सगळे तिच्याकडे वळून बसले.

"बोल आता गो," सुंदरा पुढे सरसावली. "सकाळपासनं काय सांगायचं व्हतं तुला?"

सोमीनं घोटभर पाणी घेतलं, पाळण्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, कमळकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "काय नाय गो. तेवढं लिंबू परत दे. जाताना मोटार लागंल."

"आता कसली मोटार?" यमाजी म्हणाला. "येवढा भात शिजलाय, तो काय मी एकटा खाऊ? सुपारी फोडा आन् मग जावा. लगीन वैशाखात, पन बोलावनं मी करनार, सुंदरा नाय!"

सुपारी फुटली. सनईवाल्याला एकदाचं मनासारखं वाजवायला मिळालं. पानं मांडली, तसा यमाजी बायकोपुढे हात करून म्हणाला, "सोड गो हे. जेवताना अडतंय."

लहानी जागची हलली नाही. "लगीन लागल्याबिगर काकण सोडायचं नाय. आत्ताच सगळ्या बाया सांगत व्हत्या. आता तुमच्यासाठी या वयात नवरी कुठनं आनू?"

यमाजीनं इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला, पण अंगण शांत होतं आणि सुंदरा जवळच होती.

"जुनीच बरी हाय," तो म्हणाला. "तिच्याशीच परत गाठ बांध."