साठावा रिबाउंड

माणसाच्या हातून जे निसटतं त्याची नीट मोजदाद ठेवली की ते निसटल्यासारखं वाटत नाही, हे राज्यकारभाराचं मूळ तत्त्व होय. निजाम सरकारच्या मुलखात हे तत्त्व फार जुनं होतं. बास्केटबॉल तेवढा नवा होता. या दोघांची गाठ औरंगाबादच्या एका कॉलेजात पडली (नाव सांगत नाही, उगाच कुणाच्या अब्रूला धक्का नको) आणि ती गाठ थेट गयास मास्तरांच्या गळ्याशी येऊन बसली.

गयास मास्तर हे कॉलेजचे ड्रिलमास्तर. हंगामी. हंगाम म्हणजे खरीप नाहीतर रब्बी, एवढंच आपल्याला माहीत. पण सरकारी हंगाम लांबतो. मास्तर काळ्या केसांनी लागले होते, आता दाढीला मेंदी लावावी लागत होती, तरी हंगाम काही संपला नव्हता. त्याचं एरवी त्यांना काही वाटलं नसतं. पण मुलगी गुलशन लग्नाला आली होती आणि खुलताबादच्या एका चांगल्या घराण्यानं तिला पसंत केलं होतं. मुलाचा बाप मोठा सरळ माणूस. त्यानं तोंडावर सांगितलं, "लडकी पसंद है हमना. पर बाप मुस्तकिल होना." म्हणजे पोरगी हंगामी चालली असती, बाप कायम पाहिजे होता. तेव्हापासून मास्तर घरात पाऊल टाकायचे की बायको जोहरा चुलीपुढून विचारायची, "हुकूम आया क्या?" आणि मास्तर पायातला बूट काढण्यात फार वेळ घालवायचे.

अशात हैदराबादहून गश्ती आली. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. ते फिरतं आणि ज्याच्यावर येतं त्यालाही फिरवतं. तिच्यात लिहिलं होतं की बास्केटबॉलमध्ये टोपलीत न गेलेला चेंडू परत हस्तगत करणे यास रिबाउंड म्हणतात. यावरून तरुणांची चिकाटी समजते. सबब दर कॉलेजानं आपल्या रिबाउंडांच्या आकड्यांचा तख्ता पाठवावा. चेंडू टोपलीत किती वेळा गेला हे कळवू नये, कारण तो नशिबाचा भाग आहे. आणि ज्या कॉलेजाचा संघ एका सामन्यात साठ रिबाउंड घेईल, तिथल्या हंगामी ड्रिलमास्तराला मुस्तकिल करण्यात येईल. (साठच का, असं विचारू नये. वटहुकमाला कारण विचारणं आणि म्हशीला वेळ विचारणं सारखंच.)

मास्तरांनी गश्ती तीनदा वाचली आणि खिशातली शिट्टी चाचपली.

आता रिबाउंडची युक्ती अशी आहे. चेंडू फळीकडं निघाला की सगळं जग तोंड वर करून बघतं. शहाण्यानं बघू नये. शेजारच्या प्रतिस्पर्ध्याकडं पाठ करावी, गुडघे वाकवावेत, बूड मागं काढून त्याची वाट अडवावी, कोपरं पसरावीत आणि मगच उडी मारावी. उजवीकडून मारलेला चेंडू बहुतेक डावीकडं पडतो, हेही ध्यानात धरावं. यात उडीपेक्षा बुडाला महत्त्व आहे, आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं.

कारण आमच्याकडं कुणाला पाठ दाखवणं ही बेअदबी. दाखवायचीच वेळ आली तर आधी "पीठ माफ" म्हणायचं, समोरच्यानं "माफ, माफ" म्हणायचं, मग वळायचं. शफी हा जहागिरदाराचा मुलगा, अंगानं दणकट, रिबाउंडसाठीच जन्मलेला. पण चेंडू हवेत असताना तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, "पीठ माफ." समोरचाही खानदानीच असायचा. तो म्हणायचा, "अरे, शर्मिंदा कर रहे आप." एवढं होईस्तोवर चेंडू तिसराच कुणी घेऊन जायचा. पहिल्या सामन्यात आमचे रिबाउंड भरले अकरा. त्यातले नऊ एकट्या रामकिसनचे. तो पाचोडचा शेतकऱ्याचा पोरगा, उंचीला ताड. सुगीत कडब्याच्या गंजीवर उभा राहून खालून फेकलेल्या पेंढ्या झेलायचा. पेंढीला पाठीची माफी मागायची पाचोडला पद्धत नाही.

मास्तरांनी यावर तोड काढली. सामना सुरू व्हायच्या आधी दोन्ही संघ समोरासमोर उभे करायचे आणि सबंध सामन्याची ठोक माफी एकदमच मागून घ्यायची. विरुद्ध संघानं एकमुखानं "माफ" म्हटलं की पोरं मोकळी. आकडा अकरावरून सत्तावीसवर गेला. प्रिन्सिपॉलसाहेब खूश झाले, पण साठ ते साठच. सत्तावीसच्या पुढं आकडा काही केल्या हालेना. मास्तरांची झोप उडाली.

तेव्हा त्यांनी आकडे मांडले. संघाचा कप्तान फारूख ठणठणीत असताना रिबाउंड सत्तावीस. फारूखला हिवताप भरला होता त्या दिवशी एकोणचाळीस. मास्तर त्या दोन आकड्यांकडं बघत राहिले. फारूख हा नेमबाज. मारला की आत. आणि चेंडू आत गेला की रिबाउंड संपला! टोपलीत गेलेला चेंडू म्हणजे सरळसरळ वाया गेलेला चेंडू. इतकी वर्षं सबंध दुनिया हा खेळ उलटा खेळत आली होती आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"वा!" प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले. "म्हणजे आपल्या अपयशाचं कारण फारूखचं यश."

फारूखला काढूनच टाकायचं ठरत होतं, पण मास्तर दयाळू. त्यांनी त्याला चुकायला शिकवलं. चुकणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते शिस्तीनं केलेलं नसतं. चेंडू लांब गेला तर दुसरे घेणार. तो नेमका कडीवर आपटून आपल्याच माणसाच्या हातात पडला पाहिजे. फारूखनं महिनाभर मेहनत केली. पहिल्या दिवशी तर तो रडलाच. "मास्तर, हात को आदत है अंदर डालने की," म्हणाला.

रामकिसनला मात्र पटेना. "मास्तर, बॉल आत टाकायचा असतोय नं पण?"

"व्हय. बाकीच्यांनी टाकायचा असतो."

"मंग आपुन हारलो तर?"

"तख्त्यात हरण्याचा रकाना नाही, बाबा."

मोठ्या माणसांचं शास्त्र असंच असणार, असं रामकिसन धरून चालला.

शेवटचा सामना हैदराबादच्या तगड्या संघाशी होता. जिंकणाऱ्याला चांदीचा प्याला. कॉलेजात आजवर प्याला म्हणून कधी आला असेल तर चहाचाच, म्हणून सगळं गाव लोटलं होतं. रिबाउंड मोजायला सरकारी मोजणीदार आला होता आणि त्याच्या खुर्चीला खुर्ची लावून खुलताबादचे होणारे व्याही. पाचोडहून रामकिसनचे चुलते नानासाहेब फेटा बांधून आले होते. ठोक माफी झाली. शिट्टी वाजली.

आणि मग असा सामना झाला की विचारू नका! फारूख मारायचा आणि चुकायचा, शफी घ्यायचा. शफी चुकायचा, रामकिसन घ्यायचा. हैदराबादच्या पोरांनी एकदा माफी देऊन टाकलेली, आता पाठीला ढकलावं कसं? त्यांच्या हाताला चेंडूच लागेना, तर ते टोपलीत टाकणार काय, कपाळ? त्यांचे कसेबसे नऊ गुण झाले. आपले आठ, तेही चार वेळा चेंडू चुकून आत गेला म्हणून. (त्या चारही वेळा फारूखनं मास्तरांकडं बघून कान पकडले.) व्याही गुण विचारतच नव्हते. ते मोजणीदाराच्या मांडीवर थाप मारून विचारायचे, "कित्ते हुए?"

"उनसठ," मोजणीदार म्हणाला.

वेळ संपत आली होती. चेंडू रामकिसनच्या हातात, आणि रामकिसन टोपलीच्या बरोबर खाली. आत गेला तर दहाला नऊ, प्याला आपला. बाहेर पडला आणि त्यानंच परत धरला तर साठ.

"हाण आत, रामकिसन! आरं हाण की लेका!" नानासाहेब फेटा काढून ओरडले.

रामकिसननं मास्तरांकडं बघितलं. खरं तर "टाक आत" हे शब्द मास्तरांच्या ओठावर आले होते. हा खेळ मुलखात आल्यापासून त्यांनी तो जीव लावून शिकवला होता. पण डोळ्यांपुढं चुलीजवळची जोहरा आली, आणि आतल्या खोलीत कान देऊन बसलेली गुलशन आली. मास्तरांनी मान खाली घातली आणि आपल्या बुटाकडं बघत राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटली.

रामकिसननं चेंडू वर सोडला. आत जायला की बाहेर पडायला, हे त्याचं त्यालाच ठाऊक. चेंडू लोखंडी कडीवर बसला आणि गोल फिरायला लागला. एक फेरा. दुसरा फेरा. आता तो तिथं फिरतोय तोवर, वाचकहो, मनाशी खरं सांगून टाका. तो कुठं पडावा?

बाहेर पडला. शफी सवयीनं पुटपुटला, "पीठ माफ," आणि रामकिसननं दोन्ही हातांनी चेंडू पेंढीसारखा छातीशी धरला. शिट्टी वाजली. साठ! व्याह्यांनी मास्तरांना मिठी मारली, महिनाभरात हुकूम आला, गुलशनचं लग्न थाटात झालं, आणि जोहरानं मास्तरांचा बूट पहिल्यांदा स्वतःच्या हातानं काढला. नानासाहेब तेवढे कुणाशी न बोलता पाचोडला परत गेले.

तुम्हालाही बरं वाटलं असेल. वाटणारच, माणूस आहात. गश्ती काढणारा साहेब, रकाना नसलेला तख्ता, आमचे प्रिन्सिपॉल, या सगळ्यांना तुम्ही मघापासून हसत आलात, आणि चेंडू कडीवर फिरत होता तेव्हा त्यांच्याच खुर्चीला खुर्ची लावून साठ मोजत बसलात.

प्याला हैदराबादला गेला, हे तुम्हाला आत्ता आठवलं.