डोंगर भरला आहे

"अवं, दिवा लाल का झालाय?" पिठाचे हात तसेच घेऊन चंद्राबाई वाघजाईच्या पायवाटेपाशी येऊन उभ्या राहिल्या. "चौदा पाव्हणं पुण्यावरनं निघाल्यात. त्यास्नी वर धाडायचं का न्हाई?"

धनाजीरावांनाही तेच कळत नव्हतं. विंझरच्या पुढे आत वळलं की लागणाऱ्या या वाडीत कालच दोन खांब उभे राहिले होते. खांबांमधून माणूस वर गेला की आकडा एकनं वाढायचा, खाली उतरला की एकनं घटायचा. डोंगरावर एका वेळी शंभराच्या वर माणूस नको, शंभर झाले की दिवा लाल. मागच्या वर्षी पर्यटकांनी तिथे असा उच्छाद मांडला होता, की वाटच बंद करावी लागली. आता 'शाश्वत पर्यटन' म्हणून ती महिनाभराच्या चाचणीपुरती उघडली होती. चाचणी नीट पार पडली तर वाट कायमची चालू, नाहीतर कायमची बंद. आणि वाट बंद झाली, की चंद्राबाईंनी पाहुण्यांसाठी हौसेनं बांधलेल्या दोन खोल्यांत कांदे भरायचे.

ही चाचणी बघायला वाडीनं जी समिती केली होती, तिचे धनाजीराव सचिव होते. एकतीस वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली होती. गच्च भरलेल्या गाडीवरून एकदा नजर फिरवली, की माणसं किती हे ते सांगत आणि ते कधी चुकलं नव्हतं. त्यांच्यासारख्या माणसाच्या उरावर मोजायला यंत्र बसवणं हाच मुळात अपमान होता. त्यात ते यंत्र आता धादांत खोटं बोलत होतं. वर चिटपाखरू नसताना आकडा दाखवत होतं शंभर.

मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्यांनी कपाळाला हात लावला. आज रविवार, आणि त्यात पौर्णिमा. पहाटेच सगळी वाडी वाघजाईला जाऊन आली होती. आणि वाडीची रीत अशी, की आईकडे ज्या वाटेनं जायचं त्या वाटेनं परतायचं नाही. पुढून चढायचं, देवळाला वळसा घालून मागच्या अंगानं ओढ्याकडे उतरायचं, म्हणजे डोंगराची प्रदक्षिणा पुरी होते. यंत्रानं शंभर माणसं जाताना पाहिली होती. परत येताना एकही नाही.

चाचणीसाठी भरलेल्या अर्जात प्रश्न होता, 'वर जाण्यासाठी वाटा किती?' धनाजीरावांनी 'एक' असं लिहिलं होतं. त्यात खोटं काय होतं? मागच्या वाटेनं वर जाईल असा माणूस वाडीत अजून जन्माला आला नव्हता.

एवढ्यात मोबाईल वाजला. यंत्र बसवणाऱ्या शेफाली मॅडम पुण्यात बसून पडद्यावर आकडा बघत होत्या.

"धनाजीराव, शंभर लोक वर आहेत आणि सकाळपासून एकही उतरलेला नाही?"

"उतरल्यात की मॅडम. घरी जेवत्यात."

"उतरले कुठून? दुसरी वाट आहे का तिथे? असेल तर आत्ताच सांगा. अर्ज रद्द करून सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"न्हाई, न्हाई! वाट एकच." धनाजीरावांना घाम फुटला. "म्हंजे, ते उतरतीलच आता."

"साडेपाचपर्यंत आकडा शून्यावर आला नाही, तर मला शोधपथक पाठवावं लागेल. मग चाचणीचं काही खरं नाही."

चौदा पाहुणे आले. त्यांनी लाल दिव्याकडे पाहिलं, रिकाम्या डोंगराकडे पाहिलं, पिठलं-भाकरी खाल्ली आणि गाडीत बसता बसता एक जण म्हणाला, "डोंगर बघायला आलो आणि दिवा बघून चाललो." चंद्राबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

एकच उपाय होता. शंभर जणांनी मागून चढून पुढून उतरायचं. धनाजीराव वाडीतल्या सगळ्यात जुन्या साळूबाईंच्या दारात गेले. त्या हो म्हणाल्या असत्या तर बाकीचे निघाले असते.

"उलटी परदक्षिणा?" साळूबाईंनी कानावर हात ठेवले. "आन ती बी पुनवेला? धना, डोस्कं फिरलंय व्हय तुझं? त्या खांबापायी आईला उलटी फिरवतोस?"

वैतागून धनाजीराव खांबांपाशी परत आले. तेव्हा त्यांना बाजूच्या करवंदीच्या जाळीत एक भगदाड दिसलं. कुत्रं जाईल एवढंच होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, त्यातून रांगत वरच्या अंगाला गेले आणि खांबांमधून रुबाबात खाली उतरले. आकडा नव्व्याण्णव झाला.

मग ते पुन्हा जाळीत शिरले.

तिसाव्या फेरीला सदऱ्याची बाही गेली. टोपी सारखी काट्यांत अडकत होती, म्हणून त्यांनी ती वरच्या बाजूला एका फांदीवर टांगली. साठाव्या फेरीला चंद्राबाई चहा घेऊन आल्या. "अवं, लोक बघत्यात!"

"बघू दे. मधी बोलू नगंस, मोजणी चुकंल."

सव्वापाचला धनाजीराव शेवटचे उतरले. शून्य! दिवा हिरवागार. त्यांचे डोळे भरून आले. घरी निघाले तेव्हा लक्षात आलं, टोपी आत राहिली. जाळीतून आत गेले, टोपी घेतली, आणि शंभर वेळा जिकडे वळले होते तिकडेच पाय आपोआप वळले. ते खांबांमधून खाली आले.

आकडा झाला उणे एक.

रिकामी एसटी त्यांनी हजारदा पाहिली होती. पण रिकाम्या एसटीतून आणखी एक पॅसेंजर उतरलेला पाहिला नव्हता. ते काही करणार, तोच यंत्रानं शिस्तीत वाडीच्या ग्रुपवर निरोप पाठवूनही दिला, 'आज वर गेले १००, खाली आले १०१.'

साळूबाईंनी तो तिघांकडून वाचून घेतला. "शंभर चढली, एकशेएक उतरली? मंग ती वरची एक कोण?" त्यांनी हात जोडले. "आई गं! पुनवेला खाली आली माझी माय!"

खरं सांगायचं तर आधी जाळी सांगावी लागली असती, मग मागची वाट आणि मग अर्ज. धनाजीराव चरफडत ओरखड्यांना हळद लावत बसले.

पुढच्या रविवारी विंझर, नसरापूर, पार भोरपासून टेम्पो भरभरून माणसं आली. खांबांना हळदीकुंकू लागलं होतं. पहिले शंभर वर गेले आणि साळूबाईंनी नीट शिकवल्याप्रमाणे मागच्या वाटेनं उतरले. दिवा लाल झाला. खाली चारशे माणसं रांगेत, हातात नारळ.

"धना, सोड की वर!" साळूबाई ओरडल्या.

"अवं, दोनी खोल्या भरल्यात," चंद्राबाई कानाशी कुजबुजल्या. "दर्शन झाल्याबिगर कुनी जेवायचं न्हाई म्हन्त्यात. कायतरी करा!"

मोबाईल वाजला. शेफाली मॅडमचा आवाज आनंदानं फुलला होता. "धनाजीराव, अभिनंदन! मागच्या रविवारी तुमची शंभर माणसं कशी उतरली! एकेक करून, मिनिट-मिनिट अंतर ठेवून, जराही गर्दी नाही. वरिष्ठ इतके खूश आहेत, की आत्ता सगळे माझ्या पडद्यासमोर बसलेत. आज हे जमलं तर चाचणी पास समजा. लोक उतरायला कधी लागणार?"

धनाजीरावांनी करवंदीच्या जाळीकडे पाहिलं. आठवडाभरात ओरखडे जेमतेम सुकले होते.

"निघाल्यात मॅडम," ते म्हणाले. मग त्यांनी धोतराचा काचा मारला आणि टोपी काढून चंद्राबाईंच्या हातात दिली.